गोड्या विहिरीची रदबदली

माझ्या सासऱ्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. जन्मभर तोंडानं घेतलं नाही, आता हातानं तरी कशाला घेऊ. मी त्यांना मामाजी म्हणायची, तेही दाराआडून. ते ओसरीत बसत, मी स्वयंपाकघरात असे, आणि मधल्या दाराची एक फळी कायम लोटलेली असे. त्यांचा चेहरा मी नीट असा फार थोड्या वेळा पाहिला. आवाज मात्र अजून कानात आहे. घसा साफ करून ते "हुजूर" म्हणत, तो आवाज.

ते काय काम करतात हे मला लग्नानंतर बरेच दिवस कळलं नव्हतं. शेती नव्हती, दुकान नव्हतं. निजामाच्या अमलात ते अमरावतीच्या कचेरीत कारकून होते. राज्य इंग्रजाकडे आलं, कचेरीतली फारसी गेली आणि मामाजी घरी बसले. माझा नवरा अकोल्याला एका पेढीवर लिहायला होता आणि सणावाराला घरी येई. त्याला मी एकदा सरळच विचारलं, "तुमचे वडील करतात काय?"

"बोलतात."

"बोलतात म्हणजे?"

"शेठ लोकांसाठी साहेबाजवळ बोलतात. रदबदली करतात. तू तुझी भाकर पाह्य."

ते दिवस कापसाचे होते. तिकडे अमेरिकेत लढाई लागली होती, तिथला कापूस विलायतेला जात नव्हता, आणि आमच्या वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हता असा भाव आला होता. ज्वारीची वावरं मोडून लोकांनी कापूस पेरला. अमरावतीत जिकडेतिकडे गोदामं उठली आणि आमच्या दारावरून दिवसभर गाड्या चालत. शेठ लोकांना साहेबाकडून सारखं काही ना काही हवं असे. सडक नीट करा, नाल्यावर फरशी टाका, नाक्यावरची पट्टी कमी करा. पण साहेबासमोर उभं राहिलं की त्यांची जीभ टाळ्याला चिकटे. मामाजींची चिकटत नसे. म्हणून बाजारातले शेठ मिळून आमच्या घरी वर्षाचं धान्य आणि कापड पाठवत, आणि मामाजी त्यांच्या वतीनं बोलत. रोख पैसा त्यांनी कधी घेतला नाही. घेतला असता तर ते दलाल झाले असते. दलाल म्हटलेलं त्यांना खपत नसे.

मागणं हा शब्दही त्यांना चालत नसे. "मी साहेबाले मांगत नाही, सुचवतो," असं म्हणत. एकदा एक शेठ ओसरीत येऊन म्हणाला, "पंडितजी, आपलं ऐकतो तरी का हो साहेब?"

"ऐकाच लागते त्याले," मामाजी म्हणाले. "वरून विलायतेचे गिरणीवाले त्याच्या सायबाले ढकलून राहिले, का कापूस लवकर पाठव. खालून तुमी ढकलून राहिले. मधात तो उभा. मी काय करतो? मी फक्त दार उघडून देतो, म्हणजे त्याले लागत नाही."

शेठ हसला. मला काही ते हसण्यासारखं वाटलं नाही. पण मला कोणी विचारलं नव्हतं.

साहेबाकडे जाताना डाली न्यायची रीत होती. डाली म्हणजे टोपलीत निवडक फळं, वर फुलं, त्यावर स्वच्छ रुमाल. मामाजींची डाली नागपूरकडच्या संत्र्यांची असे. एकेक संत्रं ते धोतराच्या सोग्यानं पुसत. एखाद्याला डाग निघाला तर ते गाईला घालत, घरात कोणाला देत नसत. मी एकदा आतून म्हटलं, "गाईपेक्षा माणसाला द्या."

"नाही सूनबाई. एकदा चव लागली का मंग चांगल्या फळाकडेही हात जाते. घरात हे फळ खायचंच नाही." त्यांनी स्वतःही कधी खाल्लं नाही.

सगळे साहेब संत्र्यानं वळत नसत. एक साहेब फळाकडे पाहीना. मामाजींनी त्याच्या माळ्याशी दोस्ती केली, तेव्हा कळलं की साहेबाला बंगल्यामागे कोबी लावायचा नाद आहे आणि कोबी काही धरत नाही. मामाजींनी कुठूनशी काळी गाळाची माती पैदा केली आणि डालीत फुलांखाली ती भरून नेली. साहेबानं टोपलीत हात घातला, माती चिमटीत घेऊन पाहिली आणि खुश झाला. त्या पावसाळ्याआधी बाजारातल्या सडकेवर मुरूम पडला. लोक त्याला कोबीची सडक म्हणत. मामाजींना ते ऐकून बरं वाटे.

साहेबांच्या घोड्यांची आणि कुत्र्यांची नावं त्यांना पाठ होती. घरातल्या नातवंडांची चुकत.

त्यांचा खरा छंद पाण्याचा होता. ज्यांनी आमचा मुलूख पाहिला नाही त्यांना हे सांगावं लागेल. अमरावतीहून अकोल्याकडे निघालं, दर्यापूरच्या अंगाला वळलं, की खारा पट्टा लागतो. जमीन काळीभोर, कापूस छातीइतका येतो, पण विहीर खणली तर पाणी खारट. त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि तुरीची डाळ शिजत नाही. मामाजी कुठेही गेले तरी आपला लोटा बरोबर नेत. गावात शिरले की आधी पाणी मागत, एक घोट तोंडात फिरवत, डोळे मिटत, आणि मग बोलत. आमच्याकडे पाहुणा आला की त्याला पाणी देऊन विचारत, "सांगा पाहू, कोनत्या इहिरीचं?" पाहुण्याला काय कळणार. मग ते स्वतःच सांगत आणि त्यावर बराच वेळ बोलत. पाहुण्याचा गूळ तोपर्यंत वितळून जाई.

मुलगी देतानाही त्यांनी पाणीच पाहिलं. त्यांना एकच मुलगी, काशी. तिला स्थळ आलं ते खाऱ्या पट्ट्यातल्या एका लहान गावचं, अकोल्याच्या सडकेला लागून. घर साधं होतं, वावर बेताचं. पण त्या गावात गोड्या पाण्याची एक विहीर होती. आजूबाजूच्या कोणत्याच गावाला नव्हती. मामाजींनी त्या विहिरीचं पाणी काढायला लावलं, तिथेच तीन दगडांची चूल मांडून तुरीची डाळ शिजत घातली आणि बाजूला बसून राहिले. मुलाकडचे लोक हात जोडून उभे. डाळ शिजली, मामाजींनी बोटानं दाबून पाहिली, आणि लग्न ठरलं. नवरामुलगा त्यांनी पाहिला की नाही याबद्दल काशीवन्सं नेहमी शंका घेत. "बाबांनी मले इहिरीले देल्लं," असं म्हणून हसत. नवरा चांगला निघाला, ते नशीब.

आता माझं काम सांगते. मामाजी साहेबाकडे जाण्याआधी तालीम करत, आणि त्या तालमीत मी साहेब असे. सुनेनं सासऱ्याशी कामापुरत्या शब्दापलीकडे बोलायचं नाही अशी आमच्याकडे रीत होती. पण सासूबाई नव्हत्या, नवरा अकोल्याला, आणि भिंतीशी बोलून त्यांचं समाधान होईना. त्यांनी स्वतःच तोड काढली. म्हणाले, सून बोलत नाही, साहेब बोलतो. तेव्हा हरकत नाही.

"बसली काय साहेब खुर्चीवर?"

"बसली." खुर्ची म्हणजे परातीपुढचा पाट.

"मी काही सुचवलं का तू नाही म्हनायचं. सहज हो म्हनायचं नाही. साहेब सहज हो म्हनत नाही."

मला नाही म्हणायला चांगलं जमे. माहेरी पंतोजीकडे बाराखडी आणि पाढे शिकले होते, त्यामुळे चार प्रश्नही विचारता येत. मी भाकरी थापता थापता नाही म्हणे आणि ते दारापलीकडे नवनव्या वाटेनं येत. कधी विनवत, कधी माझ्या कुत्र्याची चौकशी करत. माझ्याकडे कुत्रा नव्हता. त्यांचं बोलणं खरंच चांगलं होतं. सगळं तोंडी. लिहून काही नेत नसत, लिहून काही मागतही नसत. "कागद पाह्यला का साहेब हुशार होते," म्हणत. "कानात घातलं का तेच त्याले आपलं वाटते."

ज्या दिवसाबद्दल सांगायचं आहे तो फाल्गुनातला होता. गाड्यांचा हंगाम जोरात होता आणि खाऱ्या पट्ट्यात बैल पडत होते. खारं पाणी बैल पीत नसत, पाजलं तर हगवण लागे. माल वाटेत अडकला की वर पाऊस येण्याची भीती. शेठ लोक आदल्या संध्याकाळी येऊन बसून गेले होते. सरकारनं वाटेत तलाव खणावा असं त्यांच्या मनात होतं, पण तलावाला खर्च, आणि साहेब खर्चाचं नाव काढलं की उठतो हे मामाजींना माहीत होतं.

सकाळी त्यांनी घसा साफ केला. "हुजूर, तलाव कशाले? वाटेवर एक गोडी इहीर आहे. सरकारनं ती सडकेच्या खात्यात घ्यावी, चौकीदार बसवावा, पाणी गाड्यांच्या बैलांसाठी राखावं. खर्च काहीच नाही. माल पावसाच्या आत पोचते."

"नाही," मी म्हटलं. "पाणी खारं असेल."

"हुजूर, पाण्याची खात्री मी देतो. मी सोता डाळ शिजवून पाह्यली."

माझा हात पिठात थांबला.

"कोणतं गाव?"

त्यांनी गावाचं नाव घेतलं. तसं ते घ्यायची गरज नव्हती.

"त्या गावच्या बायांनी काय पेयाचं?" मी विचारलं.

पलीकडे त्यांनी डालीवरचा रुमाल नीट केला. मग ते हसले. "साहेब हे इचारत नाही, सूनबाई."

"मी साहेब आहो. मी इचारून राहिली."

"बायांनी पहाटे भरून घ्यायचं. गाड्या दिवस वर आल्यावर येतात. इहीर मोठी आहे, दोघायले पुरते. मी सांगीन तसं साहेबाले. काशी तिथं आहे, मी इसरीन काय?"

"मग आधी ते सांगा."

"आधी नाही. आधी बैलाचं. बायांचं उठता उठता." आणि मग, थोडं स्वतःशीच म्हणाले, "त्या गावाले चौकी होईल. सडकेवरचं गाव होईल ते. काशीच्या दारात बाजार येईल."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना तसंच वाटत होतं. लेकीच्या गावाला आपण काहीतरी देतो आहोत, असंच. खुंटीवरचा कोट अंगात घातला, डाली उचलली आणि गेले. परत आले ते खुशीत. साहेबानं सगळं ऐकलं होतं. बैलांचं ऐकून मान डोलावली होती, आणि उठता उठता पहाटेचं सांगितलं तेव्हाही मान डोलावली होती. तेव्हा साहेबाचा घोडा दारात आला होता, हे त्यांनी मला नंतर, फार नंतर सांगितलं.

हुकूम लवकर निघाला. विहीर सडकेची झाली, चौकीदार बसला, भोवती काट्यांचं कुंपण आलं. हुकुमात पहाटेचं काही नव्हतं. कसं असणार? ते कोणी लिहून मागितलं नव्हतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, काशीवन्सं माहेरी आल्या. आमच्याकडे आखाजीला लेक माहेरी येतेच. काळवंडल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी पानं वाढली, तेव्हा वरणाचा घास तोंडात घेऊन थांबल्या आणि म्हणाल्या, "वयनी, किती दिवसानं शिजलेली डाळ खाऊन राहिली मी."

मामाजी ओसरीत जेवत होते. त्यांचा हात थांबला ते मला फटीतून दिसलं.

"काहून?" त्यांनी विचारलं.

"इहिरीवर जाऊ देत नाही बाबा आता. चौकीदार म्हनते, सरकारी पाणी आहे, बैलाचं आहे. रात्रभर गाड्या इहिरीपाशीच सोडलेल्या असतात, पहाटे तर लईच गर्दी. आमी नाल्याच्या वाळूत झिरा खांदला, त्याच्यात झिरपते तेवढं भरतो. त्याच्यात बैलही उतरतात." मग जरा हसून म्हणाल्या, "मले इहिरीले देल्लं होतं तुमी. इहीरच राह्यली नाही."

काशीवन्संना माहीत नव्हतं. विहीर कोणी सुचवली ते गावात कोणालाच माहीत नव्हतं. मामाजींनी सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही, ते माझं सांगणं नव्हतं.

"मी बोलतो साहेबाशी," मामाजी म्हणाले.

पण साहेब चिखलदऱ्याला गेला होता. उन्हाळ्यात साहेब लोक डोंगरावर जातात, पाऊस पडल्यावर उतरतात. मामाजी रोज बंगल्यापर्यंत जाऊन माळ्याला विचारून येत. शेठकडे गेले, की तुम्ही तरी चौकीदाराला सांगा, पहाटे बायांना भरू दे. शेठ म्हणाला, "पंडितजी, तुम्हीच तर मिळवून दिली. आता हंगामाच्या भरात कशी सोडता? गाड्या संपल्या की बघू." त्याचं बोलणं व्यापाऱ्याला शोभेल असंच होतं. मी मामाजींना आतून म्हटलं, काशीवन्संना पावसापर्यंत इथेच ठेवून घ्या. त्यांनाही ते पटलं. पण सासरी पेरणीची तयारी होती, घरात बाईमाणूस दुसरं नव्हतं. त्यांचे दीर गाडी घेऊन आले आणि त्या गेल्या. जाताना एक मडकं आमच्या विहिरीच्या पाण्यानं भरून गाडीत ठेवलं. मामाजींनी स्वतः त्यावर फडकं बांधलं.

पावसाच्या तोंडाशी सडकेवरच्या गावांत पटकीची, जुलाब-उलट्यांची साथ आली. काशीवन्सं त्यात गेल्या. निरोप एका गाडीवानानं आणला, कापसाच्या गाडीवरच्या. त्याला आत बोलावून मामाजींनी पाणी दिलं, सगळं विचारून घेतलं, आणि तो गेल्यावर त्याचा लोटा स्वतः घासला. रडले असतील तर मला ऐकू आलं नाही.

त्यानंतर ते कोणासाठी बोलले नाहीत. शेठ लोकांकडून येणारं धान्य त्यांनी परत पाठवलं. घर नवऱ्याच्या पगारावर चालवणं मला जड गेलं, पण मी त्याबद्दल काही म्हटलं नाही. हिवाळ्यात संत्री आली तेव्हा त्यांनी पहिल्यासारखी डाली भरली. पुसून, निवडून, वर फुलं. साहेब नवा आला होता. मामाजी कोट घालून त्या विहिरीचं बोलायला गेले.

दुपारी परत आले ते डाली घेऊनच. हा साहेब डाली घेत नव्हता. पण उद्धट नव्हता, त्यानं त्यांना उभं राहू दिलं आणि दुभाष्याकडून विचारलं, "आपण कोणत्या पेढीकडून आलात?"

"कोनत्याच नाही, हुजूर."

"मग त्या गावचे पाटील आहात?"

"नाही."

"मग आपला संबंध काय?"

मामाजी मला हे सांगत होते तेव्हा इथे थांबले. "मले बोलता आलं नाही सूनबाई," म्हणाले. "इतके वर्ष बोललो, पण सोतासाठी बोलायची तालीम केली नव्हती." साहेबानं सांगितलं की ज्यांना तक्रार असेल त्यांनी तहशिलीत लेखी अर्ज करावा. त्या गावात लिहिता येणारा एक पाटील होता, आणि पाटलाच्या दोन गाड्या सडकेवर चालत होत्या.

मामाजींनी टोपली दाराच्या फटीतून आत सरकवली. "खा," म्हणाले.

कोणी खाईना. मुलांनाही कळत होतं की या फळाला हात लावायचा नाही. शेवटी मी एक सोलून खाल्लं, कारण फळ वाया घालवणं मला आवडत नाही. आंबट निघालं.

नंतर अमेरिकेतली लढाई संपली, भाव पडले. अकोल्याकडून बडनेऱ्यापर्यंत रेल्वे आली आणि कापसाच्या गाठी आगगाडीनं जाऊ लागल्या. सडकेवरच्या गाड्या कमी झाल्या. पण विहीर सडकेच्या खात्यातच राहिली, चौकीदार पगार घेऊन कुंपणाशी बसलेला. ती परत देऊन टाका असं सांगायला कोणाचा माणूस साहेबाकडे गेला नाही. बैलांनाही आता नको होती.

मामाजींचे शेवटचे दिवस ओसरीतल्या खाटेवर गेले. पाण्याची चव त्यांना कळेनाशी झाली होती. खारं दिलं काय, गोडं दिलं काय, घोट घेत आणि लोटा खाली ठेवत. तालीम मात्र सुटली नाही. रोज सकाळी दारापलीकडून विचारत, "बसली काय साहेब?" आणि मी बसलेलीच असे.

"हुजूर, एक इहीर आहे," ते सुरू करत. आणि मी नाही म्हणे. तेवढं बरेच दिवस चाललं.

एका सकाळी मला कंटाळा आला. परात बाजूला सारून मी म्हटलं, "मंजूर. विहीर गावाला परत दिली."

पलीकडे खाट करकरली. मग ते म्हणाले, "साहेब इतक्या लवकर हो म्हनत नाही, सूनबाई. आधी ते इचार."

"काय?"

"मांगं इचारलं होतं तुनं. फाल्गुनात."

मी विचारलं. "त्या गावच्या बायांनी काय पेयाचं?"

दारापलीकडून लोटा जमिनीवर ठेवल्याचा आवाज तेवढा आला. मी परात पुढे ओढली आणि भाकर थापायला घेतली.